कोपऱ्यातली लाल गाठ

इंदिरानगर, नाशिक
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. स्नेहल हिस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते, म्हणून दोन वाक्यांत आटोपलं. राग मानू नकोस. फोनवर खुशाली आणि विणकामाचं बोलणं कागदावर, हा आपला जुना नियम. तू डिझाइन हेड झालीस म्हणून तो बदलण्याचं मला काही कारण दिसत नाही.

इकडे सर्व ठीक. थंडी यंदा जास्त आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालणं सोडलेलं नाही. संक्रांत परवावर आली, तिळाचे लाडू केले आहेत. तुमचा ड्रायव्हर नवनाथ विणीचा आलेख न्यायला येईल तेव्हा त्याच्याबरोबर डबा देते. डबा परत पाठव. मागचा स्टीलचा अजून तुझ्याकडेच आहे.

पेपरातला तुझा फोटो बघितला. शेजारच्या अंबूबाई साडेसातलाच पेपर घेऊन दारात. "तुमचीच ना हो ही पोरगी?" म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्या वर्गात होती. फोटो बरा आला आहे. साडीवर कोट कशाला घातलास ते कळलं नाही. मुलाखतही वाचली. बिनशिवणीचा बूट म्हणजे काय, ते सोपं करून सांगितलं आहेस. बुटाचा वरचा सगळा भाग मशीन एकसंध विणतं, कापायचं नाही, जोडायचं नाही, टाचेला शिवण नाही म्हणून टाच सोलत नाही. चांगलं. फक्त "टाचेची कल्पना मला मशीनसमोर बसल्यावर सुचली" हे वाक्य मी तीनदा वाचलं. बातमीदार काहीही लिहितात, असं अंबूबाईंना सांगितलं.

तुला कदाचित आठवत नसेल. अर्ध्या ओळींची टाच मी १९८९ साली सातपूरच्या एका कारखान्यात बसवली होती. पूर्ण ओळ न विणता दर वेळी टाक्याचं एकेक घर मागे सोडत जायचं, मग तीच घरं एकेक करून परत उचलायची. टाचेची वाटी आपोआप तयार होते. मालकांनी तो नमुना दोन बोटांत धरला आणि म्हणाले, "बाई, शिवण मारा, दोन मिनिटांत होतं. टाच कोण बघतं?" बी. एस्सी. होम सायन्सची पदवी, पाच वर्षांची नोकरी आणि ही टाच, तिन्ही मी त्या दिवशी पिशवीत भरून घरी आणली. पुढे विणकामाचा वर्ग काढला. तू २००३ साली नामपूरहून आलीस. पहिल्याच दिवशी "बाई, हाई सुई वाकडी शे" म्हणालीस आणि सगळ्या मुली हसल्या. सुई खरंच वाकडी होती. मी मुलींना गप्प केलं आणि तुला म्हटलं, आमच्याकडे आधी वीण, मग तोंड. का आणि कसं विचारायचं नाही. चार वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस. ती टाच तुझ्या हाताला एका दुपारात आली. मला ती बसवायला सात महिने लागले होते.

असो. कामाचं.

घोट्याचा आलेख सोबत आहे. बारा बायका हे बूट घालून दिंडोरीच्या बागेत द्राक्षतोडणीला उतरणार आणि त्यांचे पाय टिकले तरच तुझा विभाग टिकणार, हे तू सांगितलंस. म्हणून नीट लक्ष घालून काढला आहे. पंज्यावर जाळी ठेवली आहे, हवा खेळू दे. कमानीवर मध्यम वीण. तोंडाशी एक सुलट एक उलट, त्यात इलॅस्टिक, म्हणजे बूट मोज्यासारखा चढेल आणि काचणार नाही. घोट्याच्या दोन्ही अंगांना पट्टे आहेत. एका पट्ट्यात वाफेने वितळून कडक होणारा धागा जास्त ओळींत आहे, दुसऱ्यात कमी. कोणता कुठे, ते आलेखात आहे. पुन्हा लिहीत नाही.

माझं लाल रीळ संपलं आहे. मेन रोडला जाणं झालं की आणीन.

तुझी,
बाई


इंदिरानगर, नाशिक
सोमवार, २७ जानेवारी २०२५

चि. स्नेहल हिस अनेक आशीर्वाद.

नमुन्याचा बूट काल नवनाथने आणून दिला. बरोबर स्टीलचा डबाही आला. त्याचं झाकण दुसरंच आहे.

नवनाथ चहा प्यायला बसला आणि अर्धा तास उठेना. तुमच्या कंपनीची गाडी चालवण्यापेक्षा तुझं गुणगान हीच त्याची नोकरी असावी. मॅडमनी हे केलं, मॅडमनी ते केलं. मला वाटलं, कोण मॅडम? मग लक्षात आलं. मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं, मला कुणी मॅडम म्हटलं नाही. मी म्हणूही दिलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

त्याने बागेतल्या बायकांची मापं घेतली ती हकिकतही सांगितली. पेठकडची कोणी लंकाबाई आहे. तिने उभ्या जन्मात बूट घातलेला नाही. "बूट घातला का पाय गुदमरतो" म्हणाली आणि माप द्यायला पाय पुढे करीना. शेवटी म्हणाली, पहिला जोड मला द्या, मला चावला तर बाकीच्यांना देऊ नका. बाई शहाणी दिसते.

आता नमुना. पंज्याची जाळी उत्तम. कमानीवर हात फिरवला, एकही घर गळलेलं नाही. टाच सुरेख बसली आहे. माझ्याच पायात घालून पाहिली. इतकी सारखी टाच हातयंत्रावर मला कधी जमली नाही, हे लिहायला हरकत नाही. रंग मात्र भडक आहे. बागेत काम करणाऱ्या बाईला पोपटी बूट कशाला?

घोट्याचा भाग आलेखात आहे तसाच झाला आहे.

मी हो म्हटल्याशिवाय बूट बागेत जाणार नाहीत, असा तुझा निरोप नवनाथने दोनदा सांगितला. माझी हरकत नाही. पाठव.

गुडघ्याला तेल लावते. तू विचारलंस म्हणून.

तुझी,
बाई


इंदिरानगर, नाशिक
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

स्नेहल,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि खोडला. आधी हे पत्र पुरं वाच.

लाल रीळ संपलं नव्हतं. ते आजही माझ्या डब्यात आहे, निम्म्याहून जास्त भरलेलं.

आपल्या वर्गातली पद्धत तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण या पत्राची प्रत मी तुमच्या कंपनीच्या सरांना देणार आहे आणि त्यांना ती माहीत नाही. हातयंत्रावर विणणाऱ्या बाईला कापडाची उलट बाजू समोर दिसते. म्हणून आम्ही आलेख उलट बाजूने काढतो. सुलट बाजूने पाहिलं की त्यातलं डावं ते उजवं होतं. आलेख दुसऱ्या कुणाच्या हातात जायचा असेल तर त्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल धाग्याची एक गाठ शिवायची. गाठ असली की समजायचं, हे उलट बाजूचं आहे, फिरवून घ्या. तुमचं मशीन सुलट बाजू धरून चालतं. गाठ नसली तर ते आलेख आहे तसाच विणणार.

पाय मुरगळतो तेव्हा तळवा आत वळतो आणि ओढ बसते बाहेरच्या घोट्याला. म्हणून कडक धाग्याचा भरीव पट्टा बाहेरच्या अंगाला हवा. माझ्या आलेखात तो बाहेरच होता, उलट बाजूने बघितला तर. गाठ नव्हती, म्हणून तुमच्या मशीनने तो आत विणला. बाराही जोडांत.

विसरले नाही. आलेख पुरा केला तेव्हा सुईत लाल धागा ओवला होता. पेपर तिथेच टेबलावर होता, तुझा फोटो वर करून. मी सुई परत सुयांच्या गादीत टोचून ठेवली. पत्रात बाजूही लिहिली नाही, ती नेहमी लिहिते. रिळाचं खोटं मात्र लिहिलं, म्हणजे उद्या कोणी विचारलंच तर सांगता यावं.

मला मत्सर वाटला. हा शब्द महिनाभर मी कागदावर येऊ दिलेला नाही. तुझ्या मशीनचा, तुझ्या पस्तिशीपुढच्या वयाचा, टाच एका दुपारात शिकणाऱ्या तुझ्या हातांचा, आणि 'टाच कोण बघतं' असं न म्हणणाऱ्या तुझ्या सरांचा. मी जे पिशवीत भरून घरी आणलं ते तू चारचौघांत टेबलावर मांडलंस, आणि लोकांनी उचलून पाहिलं. दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून पोटात दुखणाऱ्या बायकांना मी आयुष्यभर नावं ठेवली.

तुला अपघात व्हावा असं माझ्या मनात नव्हतं. कुणालाच व्हावा असं नव्हतं. मला फक्त फोन यायला हवा होता. तू आलेख बघशील, तुला तो पट्टा खटकेल, तू म्हणशील, "बाई, हे आत कसं? गाठ कुठे आहे?" मग मी जरा वेळ घेऊन म्हणेन, अरेच्चा, राहिलीच की. एवढंच. तुला अजून माझी गरज आहे, हे तुझ्या तोंडून निघायला हवं होतं. पंधरा दिवस मी फोन पलंगाशी घेऊन झोपले. तुझा फोन आला तो गुडघा विचारायला.

मग नमुना आला. नवनाथ चहा पीत होता तेव्हाच मी बुटात बोट घालून पाहिलं होतं. डोळ्यांना दोन्ही पट्टे सारखे दिसतात, बोटाला कळतात. आतल्या अंगाचा लाकडासारखा, बाहेरच्या अंगाचा मऊ. मी तुला लिहिलं, आलेखात आहे तसाच झाला आहे. वाक्य खरं आहे. इतकं लबाड खरं मी दुसऱ्या कुणाला लिहिल्याचं मला आठवत नाही. पाठव म्हणाले, कारण तेव्हा थांब म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. मनाची समजूत घातली की बायका आयुष्यभर चपलेवर बागेत फिरल्या आहेत, बुटाने काय बिघडणार.

बुधवारी नवनाथ आला तो चहा नको म्हणाला. लंकाबाईचा पाय मुरगळला, प्लास्टर घातलं आहे, हे त्याच्याकडून कळलं. पुढचं त्याने सांगितलं ते मला रोज ऐकू येतं. मशीन चालवणाऱ्या मुलीने तुला विचारलं होतं म्हणे, "मॅडम, घट्ट बाजू आत कशी?" आणि तू म्हणालीस, "बाईंनी काढलंय. त्यांना का विचारायचं नसतं."

म्हणजे तुला खटकलं होतं. फोन हातात होता. आणि तू केला नाहीस, कारण का विचारायचं नाही हे तुला मीच शिकवलं, नामपूरच्या मुलीला, पहिल्या दिवशी, सगळ्यांसमोर. तेव्हाही सुई वाकडीच होती.

आणि अपघातानंतर सरांनी विचारलं की हा आलेख कोणाचा, तेव्हा तू म्हणालीस, आलेख बाईंचा आहे, तो चुकणार नाही, मशीनवर चढवताना मीच चुकले. नवनाथला वाटलं मला हे ऐकून बरं वाटेल.

काल मी एसटीने दिंडोरीला गेले. बाग शोधायला तासभर लागला. लंकाबाई मजुरांच्या पालाबाहेर बसली होती, प्लास्टरचा पाय द्राक्षांच्या उपड्या कॅरेटवर ठेवून, आणि बसल्या बसल्या निवडलेले घड छाटत होती. तुझ्या कंपनीची बाई समजून तिने मला बसायला पोतं दिलं. पोपटी बूट तिने टाकला नव्हता. दुसऱ्या, धड पायात होता.

"बूट लय मऊ हाय," ती म्हणाली. "इतका मऊ, का पायात काय हाय तेच ध्यानात राहिलं नाय. कॅरेट घेऊन बोदावरून उतरले, अन् पाय आत मुडपला. भाईरून काय धरायलाच नव्हतं त्याला."

वेलींखालच्या मातीच्या त्या उंचवट्याला बोद म्हणतात. मी तो उतरून पाहिला. ठिबकच्या पाण्यामुळे कडा निसरडी असते. आलेख काढण्याआधी मी बागेत पाऊल टाकलेलं नव्हतं, हेही लिहून ठेव.

मग मी तिला सगळं सांगितलं. गाठ, सुई, पेपर. ती कात्री चालवत ऐकत होती. मी थांबले तशी म्हणाली, "मंग तुमच्या दोघींच्या भांडणात माझा पाय कशाला मधी घेतला?"

 

हातातला घड बाजूला ठेवून तिने विचारलं, "त्या पोरीला ठाव हाय का हे?"

मी म्हटलं, नाही.

"मंग मला काय सांगत बसल्या? तिकडं जा की." आणि तिने एक घड माझ्या पदरात टाकला, पोराला टाकावा तसा. मी तो घरी आणला. खाल्ला नाही.

तर आता ऐक. सोमवारी अकराला तुमची मीटिंग आहे आणि विभाग ठेवायचा की बंद करायचा ते त्यात ठरणार, असं नवनाथ म्हणाला. साडेदहाला मी अंबडला तुमच्या गेटवर असेन. हे पत्र नवनाथ रविवारी तुझ्या हातात देईल, ते तुला आधी कळावं म्हणून. तुझी परवानगी मागण्यासाठी नाही. मला थांबवायला फोन करू नकोस आणि माझ्या वयाची ढाल पुढे करू नकोस. सरांसमोर माझं बोलणं होईपर्यंत तू एक शब्द बोलायचा नाहीस. उरलेले अकरा जोड आजच्या आज परत मागवून घे. तेवढं काम सोमवारपर्यंत थांबायचं नाही.

मुलाखतीतलं ते वाक्य मला आजही लागलेलं आहे. ते मी मागे घेत नाही. टाच माझी होती आणि तू ते सांगायला हवं होतंस. पण ते भांडण मी तुझ्याशी तोंडावर करायला हवं होतं. लंकाबाईच्या पायावर नाही.

नवा आलेख सोबत आहे. या वेळी सुलट बाजूचाही काढला आहे आणि उलट बाजूचाही. बाहेरच्या पट्ट्यात कडक धाग्याच्या आणखी चार ओळी घातल्या आहेत, बोद उतरून पाहिल्यानंतर. तोंडाची वीण दोन ओळींनी उंच घेतली आहे. प्रत्येक ओळ मोजून घे. जिथे खटकेल तिथे विचार, का आणि कसं, दहादा विचार, आणि माझ्या उत्तराने समाधान झालं नाही तर विणू नकोस.

उलट बाजूच्या आलेखाला उजव्या कोपऱ्यात गाठ आहे. बोट फिरवून बघ.

प्रमिला गायधनी